कुंडलिकरावांचे गोटू

कुंडलिक वाळुंज यांच्याविषयी लिहावं इतका मी त्यांना ओळखत नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं. मंचरला एसटी स्टँडजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर मोठी खोली होती. मालकाने मधे प्लायवूड ठोकून तिचे दोन भाग केले होते. एका भागात माझे टायपिंगचे वर्ग चालत, दुसऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास. दहा-बारा वर्षं आम्ही असे शेजारी होतो. पण पिंपरीच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून ते गावाकडे का आले, हे मी कधी विचारलं नाही. डबा खाताना ते भिंतीकडे तोंड करून बसत, त्यामुळे त्यांना कोणती भाजी आवडायची हेसुद्धा मला सांगता येणार नाही. जे काही माहीत आहे ते बरंचसं प्लायवूडमधून ऐकलेलं.

ते वारल्यावर त्यांची विद्यार्थिनी अश्विनी हिने फोन केला. म्हणाली, "काका, पाण्याच्या सोसायटीच्या अंकात सरांवर काहीतरी यायला हवं. तुम्ही लिहा." मी म्हटलं, तूच लिही, तुला त्यातलं कळतं. ती म्हणाली, "मी त्यांच्याशी भांडत होते. तुम्ही ऐकत होतात." म्हणून हे लिहायला बसलो. मला अर्ज लिहिता येतो, याहून जास्त काही लिहिण्याची सवय नाही.

त्यांचा क्लास सुरू झाला तो दसऱ्याला. माझ्या टाइपरायटरांची पूजा दर दसऱ्याला व्हायची. त्या वर्षी पलीकडेही नारळ फुटला. मी डोकावलो तर टेबलावर एकच कॉम्प्युटर, जुना, पिंपरीहून टेम्पोत आणलेला. पडद्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं, वर झेंडूची माळ. कुंडलिकराव उदबत्ती ओवाळत होते आणि त्यांच्या पत्नी कुशाबाई मागे उभ्या राहून म्हणत होत्या, "अवो, धूर आत जाईल त्याच्या. तुमीच सांगत व्हता ना, धूळ-धूर चालत न्हाई म्हणून?"

"आजच्या दिस चालतंय," ते म्हणाले.

चपला बाहेर काढूनच त्या खोलीत जायचं असा नियम होता. दाराशी चपलांची फळी ठोकलेली होती, तरी खाली मुलामुलींच्या चपलांचा ढीग पडलेला असे आणि माझे विद्यार्थीही चुकून आपल्या चपला तिथेच काढून अनवाणी टायपिंगला येत. दिवसातून दोनदा लाईट जायची. त्यांच्याकडे एक बॅटरीची पेटी होती, ती किंचाळायला लागली की पलीकडे धावपळ. "वाचवा, वाचवा!" असं ते ओरडत, म्हणजे जे टाइप केलंय ते फ्लॉपीवर ठेवा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी घाबरून उठून उभी राहिली होती.

ते शिकवत ती भाषा म्हणजे बेसिक. तिच्यात प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा: दहा, वीस, तीस. यंत्र वरून खाली एकेक ओळ वाचत जातं आणि सांगितलं तसं करतं. मधे कुठे 'गोटू अमुक' असं लिहिलेलं असलं की वाचणं तिथेच सोडून त्या नंबरच्या ओळीवर उडी मारायची. बस, एवढाच तो गोटू. मला यापेक्षा जास्त कळत नाही, आणि जे कळलं तेही गच्चीवर उभं राहून कळलं.

झालं असं की मुलांना हे फळ्यावर समजेना. मग कुंडलिकरावांनी सगळ्यांना गच्चीवर नेलं, प्रत्येकाच्या हातात नंबर लिहिलेला पुठ्ठा दिला आणि ओळीत उभं केलं. पहिल्या मुलाच्या हातात स्टीलचा पेला. त्याने आपल्या पुठ्ठ्यामागे लिहिलेलं काम करायचं, टाळी वाजवायची, बसायचं, नाव सांगायचं, आणि पेला पुढच्याला द्यायचा. ज्याच्या पुठ्ठ्यावर गोटू असेल त्याने पेला घेऊन त्या नंबरकडे पळायचं. एक मूल कमी पडलं म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"गुरुजी, तुमी ऱ्हावा हितं. काय करायचं न्हाई. पेला आला की मोठ्यानं नाव सांगायचं."

मी पुठ्ठा छातीशी धरून उभा राहिलो. उन्हाची वेळ होती. पेला पुढे जात होता, मागे येत होता, पोरं हसत पळत होती. माझ्या अलीकडचा मुलगा दर वेळी पेला घेऊन मागेच पळायचा. खेळ संपला तरी पेला माझ्यापर्यंत आलाच नाही. मोठ्याने नाव सांगावं लागलं नाही म्हणून मला खरं तर हायसं वाटलं होतं. पण कुंडलिकराव मुलांना म्हणाले, "बगा, गुरुजी कवापासून उभे हायेत. प्रोग्रॅममधी अशी ओळ लिहू नये. बिचाऱ्याकडं कोनी येतच न्हाई." मुलं खो-खो हसली. मीही हसलो. अजूनही आठवलं की हसू येतं.

आता त्यांच्या खऱ्या कामाकडे येतो. कळंबच्या वरच्या अंगाला घोड नदीवरून पाणी उचलून शेतापर्यंत न्यायची एक सोसायटी होती. नदीवर मोटर, वर टाकी, टाकीपासून निघालेल्या चाऱ्या, म्हणजे छोटे पाट. माझं अर्धा एकर रान दुसऱ्या चारीवर आहे, कुंडलिकरावांचा वाळुंजमळा शेवटच्या चारीवर. पाण्याची पाळी डोक्याकडून शेपटाकडे जायची, पण सरळ कधीच नाही. ज्या घरात सुतक असेल ते घर दहाव्यापर्यंत दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, शेतात जात नसे. त्याची पाळी पुढच्याला आणि दहावा झाला की त्याला त्याची पाळी परत. लग्नघराची पाळी हळदीच्या दिवशी आली तर शेजाऱ्याशी बदल. लाईट ज्याच्या पाळीत जाईल, त्याला तेवढं पाणी फेरीच्या शेवटी. हे सगळं पूर्वी तोंडी चाले आणि शनिवारी टाकीपाशी कुणी ना कुणी कुणाची गचांडी धरलेली असे.

कुंडलिकरावांनी हे सगळं कॉम्प्युटरवर घातलं. शनिवारी सकाळी सोसायटीचा पाटकरी रखमाजी, म्हणजे चाऱ्यांची दारं उघडणारा माणूस, मंचरला यायचा आणि आठवड्यात कुठे काय घडलं ते सांगायचा. कुंडलिकराव ते यंत्राला सांगायचे. मग प्रिंटर करकरत लांबलचक कागद बाहेर काढायचा. नावं इंग्रजी अक्षरांत. ती कुणाला वाचता येणार? म्हणून तो कागद प्लायवूडला वळसा घालून माझ्याकडे यायचा आणि मी मराठी टाइपरायटरवर पुन्हा टाइप करून द्यायचो. कार्बन लावून तीन प्रती. एक टाकीवर, एक चावडीत, एक देवळात.

हा कागद लागायला लागल्यापासून भांडणं थांबली असं म्हणणार नाही, पण गचांडी सुटली. लोक म्हणत, "मशीननं दिलीय पाळी, तिला कुठं नातंगोतं?" कुंडलिकरावांना हे फार आवडायचं. एकदा कागद हातात देताना ते म्हणाले होते, "गुरुजी, क्लासचं काय, आज हाय उद्या न्हाई. पर ही पाळी चालली पायजे. मी असू नायतर नसू." एवढं लांब वाक्य ते माझ्याशी क्वचितच बोलत, म्हणून लक्षात राहिलं.

त्या प्रोग्रॅममध्ये गोटू किती होते ते देव जाणे. आधी सरळ लिहिला होता म्हणे. मग रखमाजी एखाद्या शनिवारी म्हणायचा, "भाऊ, ते आपलं सोयरिकीचं राहिलं की. आजोळी मयत झालं तर तीन दिसच धरत्यात." वरच्या ओळींमध्ये नवे नंबर घालायला जागा उरलेली नसायची. मग कुंडलिकराव अगदी तळाला जाऊन नवीन ओळी लिहायचे, वरून तिथे गोटू आणि तिथून परत वर गोटू. घराला एकेक पडवी काढत जावं तसं ते वाढत गेलं. त्यांना मात्र सगळं पाठ होतं.

अश्विनी त्यांच्या पहिल्या तुकडीतली. अवसरी बुद्रुकची, हुशार, तोंडाने फटकळ. पुण्याला कॉम्प्युटरचं शिकून ती परत आली आणि पुढच्या नोकरीचं जमेपर्यंत क्लासवर शिकवायला लागली. पहिल्याच आठवड्यात पलीकडून आवाज चढले.

"सर, मुलांना गोटू शिकवू नका. परीक्षेत गोटू दिसला की मार्क कापतात."

"का? यंत्राला चालत न्हाई का?"

"यंत्राला चालतं. माणसाला चालत नाही. परदेशातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञानं तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, गोटू घातक आहे म्हणून."

"त्याला भावकी नसंल."

माझ्या वर्गातली टकटक थांबली होती. सगळे ऐकत होते. मी डोळे वटारले, पण माझंही लक्ष तिकडेच.

"थट्टा नको, सर. तुम्ही एखाद्या ओळीवर उभे आहात समजा. तुम्हाला कळतं का, तुम्ही इथं कुठून आलात? वरून आलात, खालून आलात, कुठल्या अडचणीतून आलात? शेतात कसं, कुठल्याही बांधावरून माणूस शिरतो. घराला एक दार असतं. आला कुठून, गेला कुठून, कळतं. प्रोग्रॅम घरासारखा पाहिजे."

"आन् माजा शेतासारखा हाय म्हनायचा."

"हो."

"अगं पोरी, पण पाणी शेतातच द्यायचंय ना!"

यावर तिचं हसू ऐकू आलं. पण वाद रोजच व्हायचा. ते म्हणत, जगात कुठलं काम वरून खाली सरळ जातं? भीमाशंकरला निघालेली गाडीसुद्धा घाटात दरड पडली की वाकडी जाते. ती म्हणे, वाकडं जाऊ द्या, पण वाकडं गेलेलं परत कुठे आलं ते कागदावर दिसू द्या. ती मुलांना नवं बेसिक शिकवायची. त्यात ओळींना नंबर लागत नव्हते, प्रत्येक कामाचा वेगळा तुकडा करून त्याला नाव द्यायचं. कुंडलिकराव ऐकून घेत, पण पाळीच्या प्रोग्रॅमला मात्र तिला हात लावू देत नव्हते. "त्यो माज्या हातचा हाय. तुला उमजायचा न्हाई," असं म्हणत. यात थोडा अभिमान होता हे मलाही कळायचं.

मग बाजीराव नाना गेले.

नाना म्हणजे कुंडलिकरावांचे थोरले चुलते, अख्ख्या वाळुंजमळ्यातले सर्वांत वयस्क. नव्वदीला आले होते. कुंडलिकराव दहा दिवस मंचरला येणार नव्हते. निघताना अश्विनीला सांगून गेले, "शनवारी रखमाजी यील. त्यो सांगंल ते भर, बटन दाब, कागद निगंल. दुसरं कायबी करू नको."

शनिवारी रखमाजी आला. सुतकातल्या घरांची नावं सांगायला लागला. वाळुंजमळ्याची चारी आली तसा म्हणाला, "हितं समदेच लिव्ह, ताई. नाना म्हंजी समद्या भावकीचं मानूस. एक घर सुटत न्हाई." अश्विनीने सगळ्या घरांपुढे सुतकाची खूण केली आणि बटण दाबलं.

प्रिंटरने पहिल्या चाऱ्यांचे कागद काढले. आणि थांबला.

मी माझा कागद घ्यायला पलीकडे जाऊन उभा होतो. पडद्यावर एक पांढरी रेघ उघडझाप करत होती, दुसरं काही नाही. आम्ही वाट पाहिली. रखमाजीची तंबाखू मळून झाली, खाऊन झाली.

"झालं का न्हाई?"

"चालू आहे," अश्विनी म्हणाली.

"चालू हाय तर बोलत का न्हाई? मशीनपन सुतकात बसलं का काय राव?"

अश्विनीच्या लक्षात आलं. मला तिने नंतर समजावलं. यंत्र पहिल्या घराशी गेलं. घर सुतकात, म्हणून गोटू पुढच्या घराकडे. तेही सुतकात, पुढे. शेवटच्या घरापर्यंत गेलं, सगळे सुतकात, म्हणून पुन्हा पहिल्याकडे. ज्याला पाणी देता येईल असं घर शोधत ते मळ्याभोवती फिरत होतं आणि जन्मभर फिरत राहिलं असतं. सगळी चारी एकाच भावकीची, आणि सगळी भावकी एकाच वेळी सुतकात, असं प्रोग्रॅम लिहिल्यापासून झालंच नव्हतं.

तिने यंत्र थांबवलं आणि प्रोग्रॅम दुरुस्त करायला घेतला. तो सगळा छापून काढला. कागद टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून दारापर्यंत गेला. ती त्यावर गुडघे टेकून लाल पेनने बाण काढायला लागली. गोटू जिथून, तिथून जिथे. दुपार झाली. कागदावर बाणांचं जाळं झालं आणि ती पेन टाकून उठली.

"काका, मळ्यावर जाऊ या. माझ्याने होत नाही."

मी तिच्या स्कूटीवर मागे बसलो. मागे धरायला काय असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून कागदाची गुंडाळीच घट्ट धरून होतो.

कुंडलिकराव ओट्यावर घोंगडीवर बसले होते. डोकं भादरलेलं, त्यामुळे पहिल्यांदा ओळखलेच नाहीत. आम्ही अंतर ठेवून खाली बसलो. सुतकाचं घर, चहापाण्याचा प्रश्न नव्हता. अश्विनीने घडलं ते सांगितलं. ते ऐकता ऐकताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"समदेच सुतकात असतील तर पाटकऱ्यानं वरून खाली सरळ सोडायचं. गडी लावून भरून घ्यायचं. ही पयल्यापासूनची रीत हाय. लिवायचंच राहिलं बग."

"ते आज आम्ही हाताने करतो, सर. पण ते प्रोग्रॅममध्ये कुठे घालू?"

"आन हिकडं."

तिने अंगणात कागद पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून कुशाबाईंनी कडेला चार दगड आणून ठेवले. कुंडलिकराव ओट्यावरून खाली आले, एक काडी घेतली आणि कागदावर न टेकवता वरून फिरवत वाचायला लागले. "हितं घर बघतो. सुतक हाय का. हाय. मग हिकडं, सातशेला." काडी सातशेला गेली. "हितं ते आजोळचं मी मागनं घातलं. ते न्हाई, तर बाराशे." काडी कागदाच्या दुसऱ्या टोकाला गेली, ते उकिडवे सरकत गेले. "बाराशेवरून... लग्न हाय का बघतो... न्हाई, मग परत नऊशे." परत आले. "नऊशेवर काय हाय?"

नऊशेवर काय आहे ते दिसत होतं. पण ते तिथेच थांबले.

"आपन हितं कुठनं आलो?" त्यांनी विचारलं.

हेच अश्विनी इतके महिने विचारत होती, पण आता तिने मान खाली घातली.

"पयल्यापास्नं बघू," ते म्हणाले. पुन्हा घर, पुन्हा सातशे, बाराशे, आणि पुन्हा नऊशेवर काडी थांबली. त्यांच्या टकलावर घाम आला होता. ओट्यावर बसलेल्या भावकीच्या बायका बघत होत्या. कुणाला कळत नव्हतं काय चाललंय, पण कुंडलिक अडकलाय एवढं कळत होतं. द्रौपदाकाकू, म्हणजे नानांच्या पत्नी, त्याही त्या दुःखात म्हणाल्या, "कुंडलिका, राहू दे रं आता. उठ. ऊन लागंल."

ते उठले. काडी मोडून टाकली.

"मला जमंना," ते म्हणाले. "जावा तुमी. गुरुजी, आजचा कागद तुमीच टाईप करा, वरून खाली."

मी तो तसा टाइप केला. यंत्राशिवाय, रखमाजीने एकेक नाव सांगितलं तसा. तो लागलाही आणि पाणीही गेलं. पण पाळी मशीनने दिलेली नाही हे लोकांना कळलं आणि टाकीपाशी पुन्हा बोलाचाली झाली.

दहावा झाल्यावर ते क्लासवर आले. डोक्यावर टोपी. मी वर्ग सुरू असूनही प्लायवूडच्या जवळची खुर्ची धरून बसलो, हे कबूल करतो. मग ते म्हणाले,

"तुज्या पद्धतीनं लिवला असता तर अडकला नसता का?"

अश्विनी पटकन हो म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "अडकला असता, सर. मलाही ती रीत ठाऊक नव्हती. माझाही तसाच गोल फिरत बसला असता. तो दोष गोटूचा नाही."

"मग?"

"मग मला तो तुमच्याशिवाय दुरुस्त करता आला असता. तुम्ही मळ्यावर असताना."

माझ्याकडची एक मुलगी शिकाऊ हाताने एकेक अक्षर ठोकत होती, तेवढाच आवाज.

"ती बाणांची गुंडाळी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"टाकू नको. आन् बस. एकेक सांगतो, लिही."

पुढचे दोन-तीन आठवडे मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. ते रीती सांगत, ती लिहून घेई. पण ती नुसती लिहून घेत नव्हती. प्रत्येक रीतीला एक वेगळा तुकडा, त्याला नाव. 'सुतक' नावाचा तुकडा, 'लग्न' नावाचा, 'लाईट' नावाचा. मुख्य प्रोग्रॅम अगदी छोटा: चारी घे, घर घे, सुतक बघ, लग्न बघ, लाईट बघ, छाप, पुढचं घर. आणि 'सुतक'च्या तुकड्यात पहिलीच ओळ: सगळे सुतकात आहेत का? असतील तर वरून खाली. कागदावर तो प्रोग्रॅम आला तेव्हा त्यांनी तो मलाही दाखवला.

"हे तर तुमालाबी वाचता येतंय, गुरुजी."

खरंच येत होतं. पूर्ण कळत नव्हतं, पण वाचता येत होतं.

शेवटच्या दिवशी मात्र पलीकडून आरोळी आली. "ए पोरी! हे काय हाय?"

"काय, सर?"

"हितं. खाली. गोटू!"

"तो प्रिंटरसाठी आहे. कागद संपला किंवा अडकला तर काय करायचं, ते या बेसिकमध्ये सांगायला दुसरा मार्गच नाही. तिथं ते गोटूच मागतं."

"म्हंजी तुज्या त्या मोठ्या शास्त्रज्ञाला इचारलं न्हाईस?"

"सर!"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. एक तरी माजा."

ते खूप वेळ हसत होते. त्यांचं हसणं असं मोठं असतं हे मला तेव्हा कळलं. तिने तो गोटू खरोखर नाइलाजाने ठेवला की त्यांच्यासाठी, हे मी तिला अजूनही विचारलेलं नाही. परवा फोनवर विचारावंसं वाटलं, पण राहिलं.

त्यानंतरच्या गोष्टी भराभर झाल्या. अश्विनी पुण्याला नोकरीला गेली. सोसायटीने स्वतःचा कॉम्प्युटर घेतला, कळंबच्या एका मुलीला तिथे बसवलं, कल्याणी तिचं नाव. काही नवीन रीत निघाली की ती प्रोग्रॅम उघडून स्वतःच घालते. अश्विनीला फोनही करावा लागत नाही. कागद आता मराठीतच छापून येतो, त्यामुळे माझं कामही संपलं. टायपिंगला मुलं येईनाशी झाली, आणि सरकारी सर्टिफिकेटचे कोर्स मोठ्या क्लासांत सुरू झाल्यावर कुंडलिकरावांकडेही. त्यांनी क्लास बंद केला त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून चपलांची फळी खाली उतरवली. ते मळ्यात कांदा आणि मेथी करायला लागले. नारायणगावला लेकीकडे जात-येत. कधी मंचरच्या बाजारात दिसत, मान हलवत. मी मान हलवायचो.

शनिवारी ते कधी सोसायटीत गेल्याचं मी ऐकलं नाही. पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं, जातील, कल्याणीच्या मागे उभे राहतील. गेले नाहीत.

शेवटचे भेटले ते कळंबच्या चावडीसमोर. थंडीचे दिवस होते, अंगावर मफलर. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले, पण तेव्हा तसं काही दिसत नव्हतं. मी चावडीतला कागद बघून बाहेर पडत होतो, ते सायकल धरून उभे होते. चष्मा घरी राहिला होता बहुतेक, किंवा आत जायचा कंटाळा आला असेल.

"गुरुजी, माजी पाळी कवा लागलीय, बगितलं का?"

मी परत आत जाऊन बघून आलो. "गुरुवारी. सकाळी."

"गुरुवारी?" त्यांनी जरा विचार केला. "बरं झालं. तवर वाफं वढून व्हतील."

"हो," मी म्हणालो. "येऊ मग?"

"या," ते म्हणाले, आणि सायकलवर बसले.